रुखवतातलं अर्धं जहाज

शनिवार, तुळशीची लग्नं उरकल्यानंतरचा पहिला. वेळ दुपारची, जेवणं झालेली. हजर: अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, हातात करवत. बाबा, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ वसंत, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. संगीआत्या, या दोघांची धाकटी बहीण, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, दाराच्या चौकटीला टेकून. आई, आत स्वयंपाकघरात. तिथे बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू जातो. मी, त्या वेळी दहावीत, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. आणि टेबलावर जहाज.

आधी हजेरी आणि मग घडलेली गोष्ट, ही माझी नोकरीतली सवय. खोपोलीतल्या एका कारखान्याचं स्टोअर मी सांभाळते. तिथे काही मोडलं, हरवलं की पहिला प्रश्न हाच असतो, त्या वेळी तिथे कोण कोण होतं? आमच्या घरात हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारला नाही. वर्षं उलटली, माणसं गेली, घराला स्लॅब पडला, आणि त्या दुपारचं नाव निघालं की अजूनही कुणीतरी उठून चहा टाकायला जातं. म्हणून मी लिहिते आहे. आम्ही पाच जण होतो. जहाज कापू नका, असं त्या वेळी म्हणणारी मी एकटी होते.

आमचं घर कुंभिवलीला, हायवेपासून इतकं जवळ की रात्री ट्रकने गिअर बदलला तरी भिंतीवरच्या ताटाळ्यात ताटं थरथरायची. पुढे ओटी, मागे पडवी, पडवीच्या मागे धुण्याचा दगड आणि त्याच्याभोवती अण्णांनी उभे केलेले पत्रे. ते पत्रे बायकांसाठी नव्हते. आई आणि आत्या उघड्यावर विहिरीवर धुणं धुवायच्या, त्याचं कुणाला काही नव्हतं. पत्रे होते बाबांसाठी. बाबा मोठ्या प्रवासी जहाजावर नोकरीला होते. वर्षातले बरेचसे महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. घरी आले की दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्या घरातल्या चादरी, अभ्रे, पडदे गोळा करायचे आणि मागे जाऊन धुवायचे. त्यांना त्याशिवाय चैनच पडायची नाही. आपटण्याचा आवाज नाही, घासण्याचा नाही; नुसतं पाण्यात कापड फिरवल्याचा एक सावकाश आवाज यायचा. वाळल्यावर ते एकटेच एवढी मोठी चादर हनुवटीखाली धरून अशी घडी घालायचे, की चारी कोपरे एकावर एक, जराही इकडेतिकडे नाही. आईच्या कपाटातल्या त्या घड्या मोडायला आम्हाला जिवावर यायचं.

बाबा जहाजाच्या लाँड्रीत होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि घराबाहेर कुणालाच नाही. बाहेर अण्णांनी सांगून ठेवलं होतं, "आमचा वश्या जहाजावर ऑफिसर हाय." कसला ऑफिसर, असं विचारण्याइतकं जहाज आमच्या बाजूला कुणी पाहिलेलं नव्हतं. समुद्र आमच्या जिल्ह्यात आहे, पण तो तिकडे, डोंगरापलीकडे. आमच्याकडे भात, डोंगर, कारखाने आणि हायवे. त्यामुळे अण्णांचा ऑफिसर खपून गेला. शेतकरी घरातला पुरुष परक्यांची धुणी धुतो, ही गोष्ट त्यांना मरेपर्यंत सहन झाली नाही. त्याच धुण्याच्या पगारावर ओटीला फरशी बसली, ती मात्र सहन झाली.

अण्णांचं शिळफाट्याला एक लहान वर्कशॉप होतं. आर्किटेक्ट आणि बिल्डर लोकांना ते इमारतींची मॉडेलं करून द्यायचे. तेव्हा खालापूर, कर्जतच्या बाजूला फार्महाउसच्या स्कीमा निघायला सुरुवात झाली होती. डोंगराच्या पायथ्याला अजून नुसतं गवत असायचं, पण अण्णांच्या टेबलावर तिथे लाल कौलांचे बंगले, पोहण्याचा निळा तलाव आणि स्पंजची झाडं आधीच उभी राहिलेली असायची. हात फार चांगला होता त्यांचा. प्लायवूड कसं धरायचं, करवतीचं पातं कसं ताणायचं, जाड पुठ्ठ्यावर कटर तीनदा हलका फिरवायचा पण एकदा जोरात नाही, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. ते मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर राग सोपा झाला असता.

जहाज करायची कल्पना माझी. त्या वर्षी बाबा गणपतीच्या आधी आले, येताना त्यांच्या जहाजाचं एक गुळगुळीत पुस्तक घेऊन आले, प्रवाशांना वाटतात तसलं. त्यात वरचे सगळे मजले रंगीत छापलेले होते. जेवणाचे हॉल, पोहण्याचे तलाव, नाचायच्या जागा. मी पानं उलटून उलटून पाहिली आणि विचारलं, "बाबा, ह्यात तुमी कुठं?"

बाबांनी पुस्तक बंद केलं, मलपृष्ठाच्या खाली, जिथे कागद संपतो तिथे, टेबलावर बोट टेकवलं. "हितं," म्हणाले. "पुस्तकाच्या खाली."

मग ठरलं. आपण पूर्ण जहाज करायचं, पुस्तकात आहे ते आणि नाही तेही. प्रमाण घेतलं खऱ्या दोन मीटरला एक सेंटीमीटर. जहाज आमच्या जेवणाच्या टेबलापेक्षा लांब झालं. पुढचं टोक बाहेर यायचं आणि येताजाता आईच्या पदराला लागायचं. अण्णांनी प्लायवूडचे तुकडे दिले. आधी खालचा लांब कणा, मग त्याच्यावर माशाच्या काट्यासारख्या आडव्या फासळ्या, त्यांच्यावर पातळ पट्ट्या वाकवून बसवायच्या. पट्ट्या वाकाव्यात म्हणून आई भात गाळून झाला की ते गरम पाणी परातीत ओतून द्यायची. वरचे मजले पांढऱ्या पुठ्ठ्याचे, एकावर एक, पुस्तकातल्या चित्रांवरून. कठडे संगीआत्याने केले. दोरा पेजेत बुडवून, ताणून वाळवला की तारेसारखा ताठ राहतो, ही युक्ती तिची. ओठ दाताखाली धरून ती संध्याकाळभर एक एक कठडा चिकटवत बसायची. आणि जीवरक्षक होड्या अण्णांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरल्या. शिळफाट्याहून येताना खिशात दोन-दोन घेऊन यायचे, "ही घे गं तुझी होडी," म्हणून. म्हणजे या जहाजाला सगळ्यांचे हात लागले होते. कापतानाही लागले.

खालचा भाग फक्त बाबांच्या सांगण्यावरून झाला. त्याचं चित्र कुठेच नव्हतं. ते जमिनीवर मांडी घालून बसायचे, मी विचारायचे.

"इथं खिडक्या किती काढू?"

"खिडक्या नसतात गं खाली. पाणी येईल ना आत."

"मग उजेड?"

"ट्यूबलाइटी. दिवस हाय का रात हाय, घड्याळात बघायचं. मी तर पहिल्या वर्षी रात्रीच्या आठला जाऊन चहा-पाव मागितला. सगळे हसले."

"आणि हे काय, मधनं एवढं मोकळं?"

"त्यो आमचा रस्ता. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत सरळ. सगळं सामान तिथनंच. माणसं त्याला हायवे म्हणतात." मग स्वतःच हसले. "गावात पण हायवे, जहाजात पण हायवे. सुटका नाय."

त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा होता, त्यात वेगवेगळी बटणं. धुताना प्रवाशांच्या कपड्यांची तुटलेली बटणं यंत्राच्या जाळीत अडकतात, कुणी मागायला येत नाही, ती त्यांनी साठवलेली. आमच्या प्रमाणात शर्टाचं बटण जरा मोठंच व्हायचं, पण दिसायचं थेट धुण्याच्या यंत्राच्या दारासारखं. लाकडी ठोकळा, त्याच्यावर पांढरं बटण, अशी यंत्रांची रांग उभी राहिली. पतंगाच्या कागदाच्या मी चादरी केल्या, बाबांनी त्यांच्या घड्या घातल्या, नखाएवढ्या, चारी कोपरे एकावर एक. काड्यांची माणसं केली. त्यातल्या एकाला हिरवा शर्ट रंगवला, कारण त्यांचा तो कामाचा शर्ट होता, आणि त्याला घडी घालायच्या टेबलापाशी उभं केलं. हे सगळं दिसावं म्हणून जहाजाच्या एका बाजूची खालची भिंत मी काढता-घालता येईल अशी झाकणासारखी ठेवली. झाकण काढलं की आत बाबा.

मला एवढंच हवं होतं. आजही मला नेमकं सांगता येतं मला काय हवं होतं, म्हणून सांगते. माझा बाप वर्षातले इतके महिने कुठे असतो ते मला डोळ्यांनी बघायचं होतं आणि दुसऱ्यांना बोट लावून दाखवायचं होतं. हे जहाज एवढं मोठं, आणि माझे बाबा त्यात इथे. बस.

दिवाळीत जहाज पुरं झालं. पाण्याच्या रेषेखाली लाल रंग, वर पांढरा. आणि त्याच सुमाराला लोधिवलीहून आत्याला स्थळ आलं. आत्या तेव्हा अठ्ठावीसची. तिच्या बरोबरीच्या मुलींची पोरं शाळेत जात होती. तिला बघून गेलेली माणसं नंतर निरोपच पाठवत नसत, त्यामुळे नकारसुद्धा नीट मिळत नसे. या स्थळाने मात्र होकार कळवला, आणि रविवारी सुपारी फोडायला येतो म्हणून निरोप आला. निरोपात असंही होतं, की जहाजावरचे ऑफिसर भाऊ घरी आहेत तोवर उरकून घेऊ.

शनिवारी अण्णा दुपारीच वर्कशॉपमधून आले. जेवले. हात धुऊन आले आणि मला म्हणाले, "मने, त्या झाकणाला गोंद लाव. बंद करून टाक कायमचं."

"का?"

"का म्हंजे? उद्या पाहुणे ओटीवर बसणार. जहाज समोर. त्यांनी ते धुण्याचं दुकान कशाला बघायचं?"

"दुकान नाय ते. बाबा काम करतात तिथं."

"मला सांगतेस? माझा भाऊ हाय तो."

"मग लपवता कशाला?"

बाबा मध्ये म्हणाले, "मने, लाव ना गं गोंद. काय बिघडतंय."

आणि मी जे बोलले ते बोलले. "नाय लावणार. आणि कुणी लावला तर उद्या सगळ्यांच्या समोर काढून दाखवीन. बघा म्हणीन, हे माझे बाबा."

नंतर घरातल्यांनी मला सांगितलं, की तू तोंड आवरलं असतंस तर नुसत्या गोंदावर भागलं असतं. असेल. पण मला त्याचा पश्चात्ताप वगैरे काही नाही. ते वाक्य मी आज, याच क्षणी, पुन्हा म्हणायला तयार आहे.

अण्णा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मला समजावून सांगायला लागले, जसं वर्कशॉपमध्ये सांगायचे, अगदी त्याच आवाजात. "हे बघ. जहाज पाण्यात असतं तवा पाण्याखालचं कोणाला दिसतं? मी एवढ्या इमारती केल्या. कधी पाया दाखवला? गटारं दाखवली? संडासाची टाकी दाखवली? मॉडेल म्हंजे जमिनीच्या वर. तुझं हे चुकलंच हाय मुळात. पाण्यावर बसव त्याला. आणखी झकास दिसंल."

आणि त्यांनी खरंच पेन्सिल घेतली. जिथे लाल रंग संपून पांढरा सुरू होतो, त्या रेषेवरून सगळ्या बाजूंनी हलकी खूण करत आले, पट्टी न लावता, इतका सरळ हात. मग बाबांना म्हणाले, "वश्या, धर."

बाबांनी धरलं.

मी टेबलाच्या त्या बाजूला, कापू नका, कापू नका म्हणत, जहाजाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी होते. बाबांनी माझी बोटं एक एक करून सोडवली. ते फक्त एवढंच बोलले, "बाजूला हो मने, करवत लागंल." जणू काही प्रश्न माझ्या बोटांचाच होता. मी आत्याकडे पाहिलं. कठडे चिकटवणारी आत्या. तिने माझ्याकडे बघून हात जोडले, देवाला जोडतात तसे, आणि डोळे मिटून घेतले. मग करवत सुरू झाली. प्लायवूडला बारीक पात्याचा आवाज येतो तो ओरडण्यासारखा नसतो. शेजारी कुणी वाळलेलं पान चोळत बसावं तसा असतो. फासळी आली की थोडा जाड होतो. मी फासळ्या मोजत होते, कारण त्या मी बसवल्या होत्या आणि कुठली कुठे आहे ते मला अंधारात सांगता आलं असतं. मधेच यंत्रांची ओळ हलली आणि बटणं फरशीवर पडून टेबलाखाली घरंगळत गेली. ती कुणी उचलली नाहीत.

आत आई दुसऱ्या दिवशीच्या बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होती. आमच्यात थोरल्या दिरासमोर येऊन बोलायची पद्धत नव्हती. ती जागेवरून उठली नाही. पण करवत थांबल्यावर तिचा आवाज आला, कुणाचंही नाव न घेता, भिंतीला सांगावं तसा:

"मी रोज इहिरीवर धुते ते चालतं. माणसानं पगार घेऊन धुतलं तर लाज वाटते."

अण्णा बाबांना म्हणाले, "तिला म्हणावं, उद्याच्या जेवणाचं बघ."

आणि बाबांनी काय केलं? बाबांनी पॉलिशचा कागद घेतला आणि वरच्या भागाची कापलेली कड घासायला बसले. कापताना कुठे कमी-जास्त झालं होतं, त्यामुळे जहाज टेबलावर डुगडुगत होतं. ते संध्याकाळपर्यंत घासत होते. घासायचे, ठेवून बघायचे, डोळा खाली नेऊन फट दिसते का पाहायचे, पुन्हा घासायचे. तीच काळजी, तीच सफाई, जी पतंगाच्या कागदाच्या घड्यांत होती. अण्णांनी जहाज कापलं याचा राग मला शब्दांत मांडता येतो. बाबांनी ते इतकं नीट घासलं, याचा येत नाही. खालचा लाल भाग उलटा होऊन कोपऱ्यात पडला होता. मी तो उचलून माझ्या दप्तराच्या फळीवर नेऊन ठेवला. कुणी अडवलं नाही. कुणाला तो नकोच होता.

रविवारी पाहुणे आले. आई आणि मी पहाटेपासून चुलीशी. बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, लोणचं, वर गोडाचा शिरा. ओटीवर बाबांनी निळी चादर अंथरली होती, स्वतः इस्त्री केलेली, आणि मग तिला हाताने अशा चुण्या पाडल्या होत्या की लाटा वाटाव्यात. तिच्यावर जहाज. दिसत छानच होतं. मी खोटं कशाला बोलू, अण्णा म्हणाले होते तसं झकास दिसत होतं.

नवऱ्या मुलाच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणत. उंच, मोठ्या आवाजाचे, मोकळे गृहस्थ. ओटीवर पाऊल ठेवलं आणि चप्पल काढायची विसरून जहाजापाशी गेले. "अरं बापरं! हे घरात केलं? तुमी?"

"पोरीनं केलं. आमी नुसतं हाताखाली," अण्णा म्हणाले.

"शाब्बास गं पोरी." त्यांनी खाली वाकून कठडे बघितले, होड्या बघितल्या. मग बाबांकडे वळले. "आन व्याही, तुमी कुठं असता ह्यात? दाखवा की."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आत्या आतल्या दाराशी, नव्या साडीत. बाबा पुढे झाले. त्यांनी हात उचलला आणि बोट ठेवलं सगळ्यात वरच्या मजल्यावर, पुढच्या बाजूला, जिथे आडवी काळी काच रंगवली होती. जहाज चालवतात ती खोली.

"हितं," म्हणाले.

"म्हंजे चालवता काय तुमी?"

"मग! त्याच्याबिगर हलतंय होय जहाज," अण्णा म्हणाले आणि सगळे हसले. बाबाही हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बोट मात्र काढलं नाही.

मी चहा दिला. कपबशी आपटली नाही, काही सांडलं नाही, काही बोलले नाही. झाकण राहिलंच नव्हतं तर काढून काय दाखवणार होते? सुपारी फुटली, बायकांनी आत्याची ओटी भरली, जेवणं झाली. निघताना आप्पा पुन्हा जहाजापाशी थांबले आणि अण्णांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "रुखवतात दुसरं काय नसलं तरी चालंल, बरं का. पण हे जहाज पाहिजे."

"तुमचंच हाय," अण्णा म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

म्हणून लग्नात मांडवाच्या एका बाजूला, साखरेच्या बाहुल्या, डाळींची रांगोळी, चिवड्याचे डबे आणि लोकरीचं तोरण यांच्या मधोमध जहाज मांडलं होतं. पुढे पुठ्ठ्यावर अण्णांच्या अक्षरात लिहिलेलं, 'वधूच्या बंधूंचे जहाज'. बायका जेवून येऊन बघत होत्या. संध्याकाळी ते टेंपोत, गाद्यांच्या दोन वळकट्यांमध्ये नीट अडकवून, लोधिवलीला गेलं.

आत्याचा संसार चांगला झाला, हे मी लिहायलाच हवं. नवरा शांत, घर सरळ, दोन मुलं. अण्णा शेवटपर्यंत म्हणायचे, "बघ, त्या वेळी ऐकलंस म्हणून जमलं." मी ऐकलं नव्हतं. आणि जहाज अख्खं असतं, आत हिरव्या शर्टातला माणूस असता, तर आप्पा सुपारी न फोडताच उठून गेले असते, हे अण्णांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आप्पांना विचारायची संधीच आम्ही दिली नाही. आम्हीच त्यांच्या वतीने लाजलो. मला आयुष्यभर ज्याची चीड आली, ती हीच.

आणि बाबा. लोधिवलीला त्यांचं नाव पडलं कॅप्टनमामा. आत्याची मुलं तेच ऐकत मोठी झाली. भाऊबीजेला गेलं की, "कॅप्टनमामा आले, कॅप्टनमामा आले!" बाबा त्या हाकेला ओ देतात. त्यानंतरही कित्येक वर्षं ते जहाजावर जात राहिले, खाली, ट्यूबलाइटीच्या उजेडात, आणि येताना लोधिवलीच्या पोरांसाठी सोनेरी पट्ट्यांच्या टोप्या आणत राहिले. शेवटी कंबर गेली, साबणाच्या पाण्याने बोटांची कातडी कायमची पांढरी झाली, तेव्हा घरी बसले. पांढरी बोटं बघून आप्पांनी एकदा विचारलं तर म्हणाले, "समुद्राची हवा."

मी एकदाच विचारलं त्यांना. अण्णा गेले त्याच वर्षी, दिवसकार्य आटोपल्यावर, दोघेच पडवीत बसलो होतो. "बाबा, त्या दिवशी बोट वर का ठेवलंत? मधल्या कुठल्याही मजल्यावर ठेवता आलं असतं."

त्यांनी बराच वेळ टॉवेलाच्या कडा जुळवल्या. मग म्हणाले, "तिथनं समोरचा समुद्र दिसतो म्हणतात. मी कधी गेलो नाय."

ऐकणाऱ्याला वाटेल, इथे माझा राग विरघळला असेल. नाही विरघळला. उलट आणखी एक कारण मिळालं. ज्या माणसाला इतक्या वर्षांत एकदा वर जाऊन समोरचा समुद्र बघायला मिळाला नाही, त्याच्याच पायाखालचे मजले त्याच्याच हातांनी घासून गुळगुळीत करून घेतले आम्ही.

आता कामाचं. जहाजाचा वरचा भाग अजून लोधिवलीला आहे, काचेच्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या शेजारी. जहाजाखाली पाणी म्हणून घातलेला निळा कागद बदललाय, बाकी तसंच. खालचा भाग माझ्याकडे, लग्नानंतर मी घेतलेल्या खोपोलीच्या घरात, कपाटावर. यंत्रं पुन्हा ओळीत बसवलीत, निसटलेल्या बटणांच्या जागी दुसरी बटणं लावलीत, रंगाचा हात दिलाय. गेल्या भाऊबीजेला मी आत्याला सरळ विचारलं, खालचा भाग आणून जोडू का. ती आता साठीकडे झुकलीय. म्हणाली, "आण गं. आप्पांना मी सांगते. एवढा म्हातारा झालाय माणूस, त्याला तरी खरं बघू दे." म्हणजे ती अडचण नाही. मी टेप घेऊन गेले होतेच. तिथल्या तिथे शोकेस उघडून मापं घेतली. दोन्ही भाग एकमेकांवर बसत नाहीत. करवतीने थोडं खाल्लं, ते चाललं असतं. पण घासण्याने जे गेलं ते जास्त आहे. बाबांनी त्या दुपारी इतकं घासलं, की मूळच्या उंचीला धरलं तर मध्ये करंगळीच्या नखाएवढी फट राहते, जहाजाच्या सगळ्या बाजूंनी. तेवढ्या जाडीची एक पट्टी करून, वाकवून, मध्ये बसवायला लागेल. मग जहाज अख्खं होईल.

पट्टी मला करता येते. लाकूड आणलंय, मापं टाकलीत, कापायची रेषासुद्धा आखून ठेवलीय. पण मी ती करणार नाही. बाबा आता माझ्याकडेच असतात; मी लाकूड त्यांच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर ठेवलंय, शेजारी करवत आणि पॉलिशचा कागद.

"तूच कर ना गं," ते म्हणाले. "तुझा हात चांगला हाय."

"घासलं तुम्ही. भरून काढायचं तुम्ही."

"बघू."

ते रोज त्या टेबलावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालतात. लाकूड उचलून बाजूला ठेवतात, घड्या घालून झाल्या की परत जागेवर ठेवतात. रेषा अजून तशीच आहे.